आजच्यापुरती भाकर

(रिसोड येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



दिवसभर वावरात राबून, चूलभांडी आटोपून तुम्ही रात्री या वर्गाला येता. डोळे मिटू लागतात, तरी पाटीवरचे अक्षर गिरवता. आम्ही जन्मभर लेकरांना शिकवले. पण लेकरू शाळेत येते ते आईबापाने धाडले म्हणून. तुम्ही येता ते आपल्या मनाने. म्हणून तुमच्यापुढे उभे राहताना आम्हाला थोडा संकोच वाटतो.

वर्गाच्या ताई म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही ख्रिस्ती आहात. तुमच्या श्रद्धेविषयी चार शब्द सांगा. सगळ्यांना समजेल असे सांगा." आम्ही हो म्हटले. येथे लोणीच्या सखाराम महाराजांच्या यात्रेला जाणारी मंडळी आहेत, नमाज पढणारे आहेत, विहारात वंदना म्हणणारे आहेत. तुम्ही आपला मार्ग सोडा आणि आमच्या मार्गाने या, असे सांगायला आम्ही आलो नाही. आमच्यावर एक वेळ आली होती. त्या वेळी आम्ही पडता पडता राहिलो. कोणाच्या आधाराने राहिलो, एवढेच सांगायचे आहे. ऐका आणि मनाला पटेल ते घ्या.

आधी एक विचारतो. वाईट म्हटले की तुम्हाला काय आठवते? अमावस्येची रात्र, पिंपळावरचे भूत, करणी, भानामती. होय ना? आम्ही साठी ओलांडली. पिंपळाखालून हजार वेळा गेलो. भूत एकदाही भेटले नाही. पण वाईट मात्र रोज भेटले. ते पिंपळावर राहत नाही. ते माणसाच्या घरात राहते, आणि घरातूनही मनात राहते. मजुरीचे पैसे हाती पडले की ते गुत्त्याकडे बोट दाखवते. शेजाऱ्याची विहीर लागली की पोटात दुखवते. धुऱ्यावरच्या एका हात जमिनीसाठी सख्ख्या भावांना कोर्टात उभे करते. आणि पीक बुडाले, कर्ज फिटेना, म्हणजे रात्री कानाशी येऊन म्हणते, "आता काय राहिले? सुटका करून घे."

या वाईटाला आम्ही ख्रिस्ती लोक सैतान म्हणतो, मोह म्हणतो. तुम्ही षड्रिपू म्हणाल. कोणी आणखी काही म्हणेल. नाव काही असो, ते आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न असा की त्याच्यापुढे टिकायचे कसे?

आमची आई निरक्षर होती. वाशीमला मिशनचा दवाखाना होता. अमेरिकेच्या डॉक्टरीणबाई ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या आणि त्यांनी तो दवाखाना उभा केला. आमची आई तेथे झाडझूड करी. दवाखान्यात सकाळची प्रार्थना होत असे. तिला त्यातले मोठे शब्द समजत नसत. पण रोज पहाटे चूल पेटवण्याआधी ती हात जोडी आणि एकच वाक्य म्हणे, "येशूबाप्पा, आजच्यापुरतं बळ दे."

आम्ही तेव्हा नुकतेच मॅट्रिक पास झालेलो. शिकल्याचा ताठा अंगात होता. आम्ही तिला एकदा म्हटले, "आई, मागायचेच तर वर्षाचे मागावे. रोज रोज काय दार वाजवायचे?" ती हसली. म्हणाली, "वर्षाचं एकदम मिळालं, तर वर्षभर त्याची आठवण कोण ठेवील रे?"

आम्हाला वाटले, अडाणी बाई, काहीतरी बोलते. ती शहाणी होती आणि अडाणी आम्ही होतो, हे कळायला आम्हाला पुढे चाळीस वर्षे लागली.

पवित्र शास्त्रात एक गोष्ट आहे. इस्राएल लोक मिसर देशात गुलाम होते. मोशेने त्यांना तेथून बाहेर काढले. वाटेत रान लागले. खायला काही नाही. तेव्हा देवाने त्यांना मान्ना नावाचे अन्न दिले. ते पहाटे दवासारखे जमिनीवर पडे. अट एकच होती. ज्याने त्याने त्या दिवसापुरतेच गोळा करायचे. काही जणांना धीर धरवेना. त्यांनी उद्यासाठी झाकून ठेवले. सकाळी पाहतात तो त्यात किडे पडलेले आणि घाण सुटलेली. विसाव्याच्या दिवसाआधी मात्र दोन दिवसांचे घेता येई. एरवी रोजचे रोज. अशी चाळीस वर्षे गेली.

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना प्रार्थना शिकवली, तीही अशीच आहे. ती फार लहान आहे. तिच्यात धन मागितलेले नाही, जमीनजुमला मागितलेला नाही. आजच्या दिवसाची भाकर मागितली आहे. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो तशी आम्हालाही क्षमा कर, असे मागितले आहे. आणि वाईटापासून सोडव, असे मागितले आहे. भाकर, क्षमा आणि सुटका ही तिन्ही मागणी एकाच दमात आहेत. याचे कारण आम्हाला पुढे समजले. ते शेवटी सांगतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे बोलायला ठीक. पण असे रोजच्या रोज देवावर भरवसा ठेवून कोणी जगले आहे काय?" जगले आहे. आपल्याच महाराष्ट्रातील एक बाई जगली. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकांनी शिकू नये असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले. त्या माउलीने पहाटे, घरची कामे सुरू होण्याआधी, लेकीला शिकवले. लक्षात ठेवा, शिकायला वेळ मिळत नसतो. तो पहाटे नाहीतर रात्री काढावाच लागतो. तुम्ही काढता तसाच.

हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे. पुढे दुष्काळ पडला. जवळचे सगळे संपले. उपासमारीने आणि आजाराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले. दोघे पायी पायी देश हिंडले आणि १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी त्यांचे लग्न झाले. १८८२ साली पटकीने पतीही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

दहा वर्षांच्या आत केवढे हे घाव! दुसरी बाई असती तर खचून गेली असती. रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी बायकांसाठी आर्य महिला समाज काढला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेला जाऊन, व्याख्याने देऊन, पुस्तक लिहून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत मिळवली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले.

आता नीट ऐका. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली होती. रमाबाईंचे नाव सातासमुद्रापलीकडे गेले होते. शाळा चालली होती. तरी पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. धर्माचे ज्ञान होते. मनाला विसावा नव्हता. आपल्या ज्ञानाने आणि चांगुलपणाने आपण तरणार नाही, रोज त्याच्याच पायाशी बसले पाहिजे, हे त्यांना तेव्हा उमगले. एवढी पंडिता बाई, पण हे कबूल करायला लाजली नाही. आम्हाला त्यांचा मोठेपणा त्यांच्या संस्कृतात दिसत नाही, या कबुलीत दिसतो.

त्यानंतर त्यांची परीक्षाच सुरू झाली. १८९३ साली पुण्यात मोठा वाद झाला. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. सल्लागार मंडळी बाजूला झाली. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंना आपापले दुःख होते. तो आज उकरून काढायचा नाही. पण रमाबाई त्या वेळी एकट्या पडल्या, हे खरे. त्यांनी केडगावाजवळ सुमारे १०० एकर जमीन घेतली होती. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचला नव्हता, पोटात सोसला होता. त्या तिकडे गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली, बालविधवा शेकड्यांनी घेऊन आल्या. तोच पुण्यात प्लेग आला. एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. तेव्हा केडगावच्या माळावर त्यांना नेले. १८९८ साली तेथे मुक्ति सदन उभे राहिले. पुढे १९०० च्या दुष्काळात आणखी मुली आल्या. तो दुष्काळ आपल्या वऱ्हाडातही फार कडक होता. जुनी माणसे त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत. त्या वेळी मुक्ति सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार तोंडे! आपल्या घरी चार पाहुणे आले तर आपण पिठाचा डबा हलवून पाहतो. रमाबाईंनी काय केले? गरज देवापुढे मांडायची आणि कामाला लागायचे, ही तेथील रीत होती. नुसती प्रार्थना करून त्या बसल्या नाहीत. शेती केली, विहिरी खणल्या, माग बसवले, तेलघाणा घातला, छापखाना काढला. मुलींना अक्षर शिकवले. आंधळ्या मुलींना बोटांनी चाचपून वाचायला शिकवले. ज्या बायकांना गावाने थुंकून टाकले होते, त्यांच्यासाठी कृपा सदन काढले.

आणखी एक गोष्ट तुम्ही नवसाक्षरांनी विशेष ध्यानात ठेवावी. बायबलचे मराठी भाषांतर तेव्हा होते, पण त्यातील भाषा साध्या बायकांना जड जाई. म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या. संपूर्ण बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणले. वर्षानुवर्षे हे काम चालले होते. मुक्तीच्या छापखान्यात तेथील बायकांनीच खिळे जुळवले आणि पाने छापली. काम संपत आले आणि १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा वारली. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. १९२२ सालच्या ५ एप्रिलला त्या स्वतः गेल्या. त्याआधी भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले होते. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. ज्या बाईला दुष्काळाने अनाथ केले, तिने दुष्काळातील अनाथांना भाकरही दिली आणि अक्षरही दिले.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांची बायको लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली. टिळक असे, की हातात पैसा आला तर संध्याकाळपर्यंत कोणा गरजवंताला देऊन मोकळे. त्या घरात उद्याची भाकर कधी शिल्लक नसे. लक्ष्मीबाईंनी तो संसार हसतरडत केला आणि 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लिहून ठेवला. ते १९३४ पासून भागाभागाने निघाले. मराठी भाषेतील उत्तम पुस्तकांत आज त्याची गणना होते. शाळा न पाहिलेल्या बाईने ते लिहिले. तुमचे वाचन थोडे वाढले की ते जरूर वाचा.

आता आमची गोष्ट. ही सांगताना आम्हाला लाज वाटते. पण लाजून झाकले तर भाषणाला अर्थ राहणार नाही.

आमचा धाकटा भाऊ शेती करतो. वडिलांची सहा एकर जमीन. सातबारावर दोघांची नावे. भावाने मुलीच्या लग्नासाठी आणि बोअरसाठी एका खाजगी माणसाकडून व्याजाने पैसे काढले. त्या माणसाने तारण म्हणून त्याच्या हिश्श्याचे खरेदीखत करून घेतले. "पैसे फेडले की जमीन उलटवून देतो," असे तोंडी सांगितले. भावाने आम्हाला विचारले नाही. आम्हाला कळले तेव्हा आम्ही भर अंगणात त्याला नाही नाही ते बोललो. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणे टाकले. चौदा महिने. घर शेजारी, भिंत एक, पण बोलणे नाही.

आणि या चौदा महिन्यांत आम्ही काय करीत होतो? दर रविवारी उपासनेला जात होतो. पुढच्या बाकावर बसत होतो. दान टाकत होतो. मुलांच्या रविवारच्या शाळेत क्षमा या विषयावर धडाही घेतला. रमाबाईंनी लिहिले ते आमच्या बाबतीत शब्दशः खरे होते. आमच्याजवळ धर्म होता. ज्याच्या नावाचा धर्म, तो नव्हता.

२०१९ साली दिवाळीच्या सुमारास पाऊस लागून राहिला. तुम्हाला आठवत असेल. सोंगलेले सोयाबीन गंजीत भिजले. शेंगांतच कोंब फुटले. भावाचे सारे त्यावर होते. व्याजवाला दारात येऊन बसू लागला. भिंतीपलीकडून आम्हाला सगळे ऐकू येत होते. आम्ही मनात म्हणत होतो, "केले तसे भोगावे."

एका रात्री नऊच्या सुमारास मागचे दार वाजले. भावजय होती. ती आमच्याशी बोलली नाही. आमच्या मंडळींना म्हणाली, "जाऊबाई, हे सांजचे घरून गेले. फोन घरीच ठेवला. दोन दिवस झाले, जेवले नाहीत. मले भेव वाटते."

बंधूंनो, त्या क्षणी आमच्या मनात काय आले ते सांगतो. आधी आले, "त्याचे तो पाहून घेईल." आणि त्यामागून दुसरा विचार आला. "नाहीच परत आला, तर जमिनीची कटकट एकदाची मिटेल."

सख्ख्या भावाविषयी हा विचार. तो आम्ही बोलावला नव्हता, आपण होऊन आला. पण त्याला आम्ही हाकलले नाही. क्षणभर पाट मांडून बसायला दिला. आणि मग आमच्याच अंगावर काटा आला. ज्या वाईटाविषयी आम्ही मुलांना धडे देत होतो, ते गुत्त्यावर नव्हते, व्याजवाल्याच्या घरी नव्हते. ते आमच्या पांढऱ्या सदऱ्याच्या आत बसले होते.

आम्हाला प्रार्थना करायची होती. शब्द सुचेनात. भाऊ दिसला तर काय बोलायचे, जमिनीचे काय, पुढचे काय, काहीच समजेना. शेवटी आईचे वाक्य तोंडात आले. "येशूबाप्पा, आजच्यापुरतं बळ दे." एवढेच म्हटले आणि चपला घातल्या. मंडळींनी दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून हातात दिला. पुतण्याने मोटरसायकल काढली.

भाऊ वावरात सापडला, विहिरीच्या थारोळ्याशी बसलेला. आम्ही पुतण्याला दूर थांबवले आणि जाऊन त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "दादा, तू कायले आला?"

आमच्याजवळ उपदेश पुष्कळ होते. देवाच्या दयेने त्यातला एकही तोंडातून निघाला नाही. आम्ही म्हटले, "चालून पाय दुखले रे. थोडं बसू दे."

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "मले आता हे झेपत नाही, दादा. वर्षाचं पाहिलं का डोळ्यापुढं अंधार येते."

आम्ही म्हटले, "वर्षाचं नको पाहू. आजची रात्र काढू. मी आहे इथं. सकाळी उठून सकाळचं पाहू." आणि मग जे चौदा महिने घशात अडकले होते ते म्हटले, "तुझ्याशी बोलणं टाकलं, ते माझं चुकलं. मला माफ कर."

तो रडला. आम्हीही रडलो. मग फडके सोडले आणि विहिरीवर बसून दोघांनी एक एक भाकर खाल्ली. आयुष्यात पुष्कळ पंक्ती जेवलो. तशी भाकर पुन्हा खाल्ली नाही.

मंडळी, येथे गोष्ट संपली असे समजू नका. रात्र निघाली, पण सकाळी सगळे होते तिथेच होते. भिजलेले सोयाबीन तसेच. व्याजवाला तसाच. म्हणून पुढचे सांगणे जरूर आहे.

भावाला आम्ही सरकारी दवाखान्यात नेले. निराशा हाही आजार असतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोलते केले. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. पाय मोडला तर आपण प्रार्थनाही करतो आणि प्लॅस्टरही घालतो. मन मोडले तरी तसेच करावे. आता तर सरकारने त्यासाठी फोनची सोय केली आहे. १४४१६ हा क्रमांक लावा. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. हा आकडा आज पाटीवर लिहून घ्या. आपल्या जिल्ह्यात अशा रात्री पुष्कळ घरांवर आल्या आहेत. कोणाच्या कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

दुसरे, जमिनीचे. महाराष्ट्रात २०१४ सालचा सावकारी कायदा आहे. परवाना नसलेल्या सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. निकाल अजून लागलेला नाही. लागेल तेव्हा लागेल. भावाला अक्षर येत असते, तर खरेदीखत आणि तारण यातला फरक त्याने सहीआधीच वाचला असता. त्याने अंगठा दिला होता. तुम्ही या वर्गाला का येता, याचे एवढे एक कारणही पुरे आहे.

तिसरे, आमचे. आम्हाला वाटले, एकदा क्षमा केली, झाले. तसे झाले नाही. पंधरा दिवसांनी कागदपत्रांसाठी खर्च आला आणि तोच राग पुन्हा आला. काल केलेली क्षमा आज पुरली नाही. तेव्हा मान्न्याची गोष्ट आठवली. कालचे झाकून ठेवले की त्यात किडे पडतात. क्षमेचेही तसेच आहे. आज पुन्हा ताजी गोळा करावी लागते. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर, क्षमा आणि वाईटापासून सुटका ही तिन्ही शेजारी का बसली आहेत, ते आम्हाला तेव्हा कळले. तिन्ही रोज लागतात. तिन्हींचा साठा करता येत नाही. आणि ज्याला भाकर द्यायची, त्यालाच आधी क्षमा करावी लागते. नाहीतर भाकर घशाखाली उतरत नाही, त्याच्याही आणि आपल्याही.

म्हणून आता रोज सकाळी दोन कामे करतो. आधी आईचे वाक्य म्हणतो. मग भिंतीला वळसा घालून भावाकडे जातो आणि तेथे चहा पितो. कधी बोलणे होते, कधी होत नाही. चहा मात्र चुकत नाही.

कोणी विचारील, "गुरुजी, तुमचा येशू एवढा समर्थ, तर पाऊसच का थांबवला नाही? रमाबाईंचे आईबाप देवभक्त होते, ते उपाशी का मेले?" हा प्रश्न आम्हीही केला आहे. याचे उत्तर आमच्याजवळ नाही, आणि असल्याचा आव आणणार नाही. एवढेच ठाऊक आहे, की येशूनेही पकडले जाण्याच्या रात्री बागेत प्रार्थना केली, हे दुःख टळावे असे मागितले. ते टळले नाही. सोबतचे शिष्य झोपी गेले. पण त्याला उठून उभे राहण्याचे बळ मिळाले. ज्याने स्वतः अशी रात्र काढली, तो आमच्या रात्री आमच्याजवळ बसतो. पाऊस थांबवत नाही, पण शेजारी बसतो. आणि त्याने बसवले म्हणून आम्हाला भावाशेजारी बसता आले.

आता शेवटचे. पाटी घ्या आणि आज एक शब्द लिहा. दोनच अक्षरे आहेत, दोन्ही तुम्हाला येतात. 'आ' आणि 'ज'. आज. ज्याची ज्या देवावर श्रद्धा असेल, त्याच्यापुढे हा शब्द ठेवा. आज दारू नको. आज खोटा अंगठा नको. आज भावाशी बोलतो. उद्याचे उद्या पाहू, आणि उद्याही पुन्हा हाच शब्द लिहू.

घरी जाताना शेजारच्या दारात दिवा आहे का, तेवढे पाहून जा. नसेल, तर हाक मारा.

तुमचे भले होवो.